पुन्हा वाचलं आणि बाजू बदलली: तुमचं कुठलं पुस्तक?

वनाझ_ते_रामवाडी

सध्या मेट्रोत भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' पुन्हा वाचतोय. पहिल्यांदा वाचली तेव्हा एसवायला होतो. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर म्हणजे आपणच, याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. होस्टेलवर सगळ्यांचंच तसं होतं, त्यामुळे आमच्या एका मजल्यावर बरेच सांगवीकर राहत होते. त्याच्यासारखं 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' लावल्याशिवाय आम्ही चहासुद्धा मागवत नव्हतो.

आता मुलगी बारावीला आहे, क्लासच्या फीचे हप्ते चालू आहेत, आणि मला भलताच त्रास व्हायला लागलाय. मी चक्क वडिलांच्या बाजूने वाचतोय! हा मुलगा पुण्यात येतो, घरचे पैसे उडवतो, मेसचा सेक्रेटरी होऊन घोळ घालतो, परीक्षेची वाट लावतो आणि वर सगळं कसं निरर्थक आहे ते आपल्याला ऐकवतो. अरे बाबा, पण पैसे कुणाचे?

त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाचा भाग मात्र तेव्हा लागला तसाच आत्ताही लागला. डेक्कनला उतरायचं होतं, पीएमसीला उतरलो.

तर प्रश्न असा: दुसऱ्यांदा वाचताना तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या तरी बाजूने उभे राहिलात, असं कुठलं पुस्तक? श्रेष्ठ कुठलं, कनिष्ठ कुठलं हा वाद नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत. वाचताना तुमचं काय झालं तेवढंच सांगा.

तात्या_टिळकरोड

नेमाड्यांनी ती पंचविशीत लिहिली, १९६३ साली आली. ती तुमच्यासाठी नाहीच. अर्पणपत्रिका बघा: शंभरातील नव्व्याण्णवांस. तुम्ही आता उरलेले एक झालात.

वनाझ_ते_रामवाडी

तात्या, मान्य. पण त्या नव्व्याण्णवांची मेस तो एकटाच भरत असतो.

बिनसाखरेचा

हा हा हा. धागा पहिल्या तीन प्रतिसादांतच वसूल.

सई_कोथरूड

माझं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. शाळेत त्यातला उतारा होता. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, यांचा विक्षिप्तपणा म्हणजे आम्हाला नुसती मज्जा. हातात पैसे आले की कुणाला तरी देऊन मोकळे, न सांगता निघून जाणार, बायको वाट बघत बसणार. आमच्या बाई साभिनय वाचायच्या आणि वर्ग खो खो हसायचा.

यंदा अख्खं पुस्तक सलग वाचलं. अर्ध्यावर आल्यावर मला टिळकांचा इतका राग यायला लागला की नवऱ्याला विनाकारण बोलणी बसली. १८९५ साली हा माणूस मुंबईला जाऊन ख्रिस्ती होतो. बायकोला काय वाटेल, ती लेकराला घेऊन कुणाच्या दारात उभी राहील, याचा पत्ता नाही. पुढची काही वर्षं ती नातेवाइकांकडे काढते. त्या काळच्या ब्राह्मण घरात, नवरा बाटला म्हणून लोक बोलत असताना! हे सगळं मी शाळेत हसत हसत ऐकलं होतं.

निमा

सई, राग तुम्हाला येतोय. लक्ष्मीबाईंना यायचा तेव्हा त्या तो त्याच पानावर सांगून मोकळ्या होतात आणि पुढच्या पानावर स्वतःचीच फजिती सांगतात. त्यांना बिचारी करू नका हो. पुस्तकात रडगाणं नाही, हीच तर त्याची ताकद. आणि टिळकांना व्हिलन केलं की शेवटचा भाग वाचताच येत नाही. दोघं एकमेकांवर जीव टाकत होते, ते दिसतं की.

मला स्वतःला दुसऱ्या वाचनात थांबवलं ते सोवळ्याओवळ्याच्या भागाने. माहेरी वडिलांच्या सोवळ्याचा जाच बघितलेली बाई, तिच्या मनातून शिवाशीव कशी गेली हे ती सांगते, तेही मोठा साक्षात्कार झाल्याचा आव न आणता. पहिल्या वेळी मी तो भाग भरभर उलटला होता, विनोदी प्रसंग शोधत.

सई_कोथरूड

बिचारी कुठे म्हणाले? मी म्हणाले मला राग आला. त्या हसल्या म्हणून मी पण हसलंच पाहिजे का?

निमा

नाही. पण नवऱ्याला बोलणी खायला लावायची गरज नव्हती :)

नवा_वाचक२४

कोसला पीडीएफ मिळेल का कुणाकडे? प्लीज व्हॉट्सअॅप करा.

तात्या_टिळकरोड

अप्पा बळवंत चौकात मिळेल. कागदावर छापून, बाइंडिंग करून देतात. पैसे पडतात.

शिसपेन्सिल

कोसलाचा विषय निघालाच आहे तर. आमच्या पेठेतल्या ग्रंथालयात जी प्रत आहे, ती माझ्याआधी एका सद्गृहस्थांनी (की सद्स्त्रीने, देव जाणे) वाचली आहे आणि समासात पेन्सिलीने शेरे मारले आहेत. बारीक, गोल, जुन्या वळणाचं अक्षर. सुरुवातीला नुसतं 'शुद्धलेखन?' मग 'हा अभ्यास कधी करतो?' मग 'याला सुट्टीत शेतावर राबवावे'.

थोडं पुढे गेलं की दुसरं अक्षर येतं. निळं बॉलपेन, तिरकं, घाईतलं: 'काका, तुम्ही नका वाचू.'

त्याच्या खाली पुन्हा पेन्सिल: 'ग्रंथालयाच्या पुस्तकात शाईने लिहू नये.'

म्हणजे काकांनी पुस्तक परत केलं, त्या मुलाने नेलं, आणि काकांनी ते पुन्हा नेलं! नुसते शेरे बघायला कुणी एवढी मोठी कादंबरी परत आणत नाही. मी तर पुढे कादंबरी कमी आणि यांचं भांडण जास्त वाचत होतो. मनी गेल्याच्या पानांवर दोघांचाही शेरा नाही. त्यानंतर अजिंठ्याच्या भागात पेन्सिलीची एक उभी रेघ आहे फक्त, शब्द नाही.

वनाझ, तुमचा प्रश्न त्या काकांना विचारायला हवा होता.

बिनसाखरेचा

कुठलं ग्रंथालय सांगा, आत्ता जातो.

शिसपेन्सिल

नाही सांगणार. तुम्ही तिसऱ्या रंगात लिहाल.

ढेपाळलेला_कर्ण

आयडीवरून कळलंच असेल. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' मी आठवीत वाचली. आमच्या वाड्यात एकच प्रत होती आणि रांग लावून फिरायची. कर्णासाठी मी जेवलो नव्हतो, हे आई अजून पाहुण्यांना सांगते.

चाळिशीत दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. आधी इरावती कर्व्यांचं महाभारतावरचं 'युगान्त' वाचलं, मग 'मृत्युंजय' पुन्हा. गंमत बघा, दोन्ही १९६७ची. एकाच वर्षी मराठीत कर्णाला डोक्यावर घेणारं पुस्तक आलं आणि त्याला उन्हात उभं करून नीट न्याहाळणारंही आलं. इरावतीबाई डेक्कन कॉलेजात होत्या आणि त्यांच्यासमोर भांडारकर संस्थेची, हस्तलिखितं ताडून केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती होती. १९१९ला सुरू झालेलं ते काम १९६६ला पुरं झालं. द्रौपदी स्वयंवरात 'मी सूतपुत्राला वरणार नाही' म्हणते ना, ज्याच्यावर आम्ही आठवीत अश्रू ढाळले? तो प्रसंग या आवृत्तीने मूळ पाठात ठेवलेलाच नाही. हे कळल्यावर मला स्वतःचीच फसवणूक झाल्यासारखं वाटलं. महाभारतावर राग नाही, सावंतांवरही नाही. ते कादंबरी लिहीत होते, त्यांना तो प्रसंग घ्यायचा हक्क आहे. पण मी त्या एका वाक्यावर द्रौपदीचा किती वर्षं दुस्वास केला!

सई_कोथरूड

@ढेपाळलेला, मी त्याही पुढची तक्रार करते. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण स्वतः बोलतो, दुर्योधन बोलतो, शोण, वृषाली, कुंती, शेवटी कृष्ण. द्रौपदीला बोलायला एकही प्रकरण नाही. भर सभेत कर्ण जिला नाही नाही ते बोलला, तिलाच माइक नाही. हे मला तिसऱ्या वाचनात लक्षात आलं आणि मग दुसरं काही दिसेचना.

तात्या_टिळकरोड

कादंबरी कर्णाची आहे हो बाई. द्रौपदीची वेगळी लिहा.

सई_कोथरूड

तात्या, वृषालीला प्रकरण मिळतं ते काय ती कर्ण आहे म्हणून?

तात्या_टिळकरोड

हा मुद्दा बरोबर आहे. (स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुन्हा म्हणणार नाही.)

चष्मा_कुठे_ठेवला

मोतीबिंदूनंतर मी पुस्तकं ऐकतोय. सकाळी सारसबागेत चार चकरा होतात तेवढ्यात एक प्रकरण. हे वाचन धरायचं की नाही?

बिनसाखरेचा

नाही. ते कीर्तन.

निमा

उगाच काहीतरी. लक्ष्मीबाईंचं पुस्तक तर बोललेलंच वाटतं, ते ऐकायलाच जास्त चांगलं. काका, बिनधास्त ऐका.

चष्मा_कुठे_ठेवला

ऐकताना एक होतं. मागे जाऊन पुन्हा बघता येत नाही. म्हणजे येतं, पण बागेत उभं राहून मोबाइल पुसत बसायला लागतं. त्यामुळे एखाद्या पात्राबद्दल मत झालं की तेच घेऊन पुढे जावं लागतं. वाचताना मी सारखा दोन पानं मागे जाणारा माणूस. तेव्हा बाजू बदलण्याचं म्हणाल तर डोळे असतानाच जास्त बदलल्या.

गुर्जी

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, आता निवृत्त होऊन सिंहगड रस्त्याला मुलाकडे असतो. डीएडला असताना वाचली तेव्हा ती माझ्यासाठी मास्तरची गोष्ट होती. कोवळा पोरगा, एकशिक्षकी शाळा, धनगरांची वाडी, तालीम बांधायचं वेड. पुस्तक १९५५चं, पण मला पहिली ऑर्डर आली तेव्हा फार काही वेगळं नव्हतं. मी ते पुस्तक पिशवीत घालूनच हजर झालो होतो.

आता वाचतो तर मला कारभारी दिसतो. बाहेरून एक पोरगा येतो, लिहितो-वाचतो, लोक कागद घेऊन त्याच्याकडे जायला लागतात. म्हातारा स्वतःहून त्याला सांभाळून घेतो, गावात त्याचा जम बसवून देतो. आणि मग ते अंजीच्या चोळीचं प्रकरण. मास्तरच्या मनात काही नाही हे आपल्याला ठाऊक असतं, कारण गोष्ट मास्तर सांगतोय. कारभाऱ्याला कुठून ठाऊक असणार? त्याच्या पोरीने परक्या तरुण माणसाकडे चोळी शिवून आणायला सांगितली, एवढंच त्याला दिसतं. डीएडला असताना मला म्हातारा आडमुठा वाटला होता. लेक वयात आल्यावर लक्षात आलं की त्याने फार गडबड केली नाही, अबोला धरला. माझ्या पहिल्या गावात एका पालकाने माझ्याशी असाच अबोला धरला होता, कारण मी त्यांच्या मुलीला स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला परस्पर तालुक्याला पाठवलं. मला अनेक वर्षं वाटायचं, शिकलेल्या माणसाचं चांगलं यांना बघवत नाही.

दुष्काळात वाडी उठते तो भाग मात्र दोन्ही वेळा सारखाच वाचला. तिथे बाजू घ्यायला माणसंच राहत नाहीत.

खान्देशी_भरीत

गुर्जी, तुमच्यासाठी एक कडक सलाम.

वऱ्हाडी_ठेचा

पुण्यात राहून लोक 'धग' वाचत नाहीत याचा मला कायम राग. उद्धव शेळके, १९६०. कौतिक, तिचा नवरा महादेव, लेकरं, आणि सतत कमी पडणारे पैसे. पहिल्या वेळी मी कौतिकसाठी वाचली. कुणीही तिच्यासाठीच वाचतो, बाईच तशी आहे. महादेव मला निव्वळ नालायक वाटला. काम धड नाही, हिंमत नाही, जबाबदारी आली की गळून जातो.

कोरोनात माझी नोकरी गेली. दहा महिने घरी होतो. बायको शिकवण्या घ्यायची आणि मी दुपारी 'धग' पुन्हा काढली. तेव्हा महादेव पहिल्यांदा कळला. त्याच्यावर प्रेम वगैरे जडलं नाही, पण घरात बाई भक्कम असली की गळून जाणं किती सोपं असतं, ते कळलं. पुस्तक मिटलं आणि उठून कुकर लावला.

सई_कोथरूड

हा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला.

बिनसाखरेचा

त्या माणसाची सुटका करा कुणीतरी.

मुळामुठेकाठी

'धग'मधली वऱ्हाडी मला जड गेली, तीस पानांवर सोडली. कुणी काही युक्ती सांगेल का?

वऱ्हाडी_ठेचा

मोठ्याने वाचा. घरचे बघतील, बघू दे. दहा पानांत कानाला सवय होते, मग मनात वाचलं तरी ऐकू येतं.

आई_रिटायर्ड

इतका वेळ कुणी 'श्यामची आई' म्हटलं नाही, आश्चर्य आहे. नातवाला रोज एक रात्र वाचून दाखवायची असं ठरवलं होतं, बेचाळीस रात्री आहेत म्हणून. पोहायला जात नाही म्हणून आई श्यामला झोडपते, तिथे नातू म्हणाला, 'आजी, हे अलाउड नाहीये.' मी लहानपणी तो प्रसंग 'आई किती थोर' म्हणून ऐकला, माझ्या मुलांना तसाच ऐकवला. त्याने असं म्हटल्यावर मला उत्तर सुचेना. मग त्यालाच विचारलं, तू असतास तर काय केलं असतंस? म्हणाला, 'फ्लोट्स दिले असते.'

आता आम्ही रोज थांबून थांबून वाचतो. एका रात्रीला आठवडा गेला.

तात्या_टिळकरोड

फ्लोट्स! साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं म्हणे ते सगळं. तुमच्या नातवाने संपादन केलं असतं तर अजून लिहीत असते.

खान्देशी_भरीत

मूळ प्रश्नावर येतो, कारण त्यात एक गोष्ट कुणी बोललं नाही.

मी यावल तालुक्यातला, नेमाड्यांच्या सांगवीहून फार लांब नाही. पुण्यात नोकरीला. आमच्याकडे 'कोसला' वाचताना पहिला प्रश्न असतो, हे कुणाचं घर? वनाझ, तुम्ही वडिलांची बाजू घेताय ती फी भरणाऱ्या कोथरूडच्या बापाची. त्या कादंबरीतले वडील तसे नाहीत. ते गावातले वजनदार, घरात त्यांचा शब्द शेवटचा, बायकामाणसं आत, पोरगा समोर उभा राहून बोलणार नाही. पांडुरंगाचं सगळं निरर्थक वाटणं त्या घरातून सुरू होतं, पुण्यातून नाही. पुण्यात त्याला फक्त मोकळी जागा मिळाली. त्यामुळे 'पैसे कुणाचे' हा प्रश्न बरोबर आहे, पण वडिलांची बाजू घ्यायची तर ती सगळी घ्यावी लागेल. नुसती मनिऑर्डरची घेऊन चालणार नाही.

आता माझं. मी शिकायला पुण्यात होतो तेव्हा दिवाळीला घरी जाताना 'कोसला' नेली आणि ओट्यावर विसरलो. आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, केळीचे बागायतदार, वर्तमानपत्र सोडून काही वाचताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. परत आलो आणि महिनाभराने बहिणीने फोनवर सांगितलं, दादा रोज दुपारी तुझं ते पुस्तक वाचताहेत, चष्मा कपाळावर चढवून, पान अगदी नाकाला लावून. मला घाम फुटला. काय काय लिहिलंय त्यात वडिलांबद्दल!

होळीला गेलो. दोन दिवस ते काहीच बोलले नाहीत. निघताना एसटी स्टँडवर विचारलं, 'तुझ्या मेसचा हिशोब कोण पाहतं?' म्हटलं, सेक्रेटरी असतो. 'तू नाही ना?' नाही म्हटलं. 'बरं.' बस.

पुस्तक त्यांनी परत दिलं नाही. ते अजून घरीच आहे, केळीच्या पट्ट्यांच्या फायलीशेजारी.

वनाझ_ते_रामवाडी

खान्देशी, तुमचा पहिला मुद्दा बसला. 'सगळी बाजू घ्यावी लागेल' हे वाचून मागची पन्नासेक पानं पुन्हा चाळली. घरातले प्रसंग मी झपाट्याने उलटले होते, होस्टेल कधी येतं याची वाट बघत. तरीही बापाबद्दल थोडी कीव शिल्लक आहे, ती काढून घेऊ नका.

नवा_वाचक२४

पीडीएफ नाहीच का मग?

शिसपेन्सिल

आहे. समासातल्या शेऱ्यांसकट. पण ग्रंथालयात बसून वाचावी लागते.

मुळामुठेकाठी

मी एक टाकू का? 'रणांगण'. विश्राम बेडेकर, १९३९. कॉलेजात ती प्रेमकथा म्हणून वाचली होती. युरोपातून निघालेली बोट, चक्रधर विध्वंस, हॅर्टा, ज्यूंचे घोळके. मला फक्त ते दोघं दिसायचे. आता बातम्या बघून झाल्यावर रात्री वाचली तर ते दोघं मागे गेले आणि बाकीची बोट पुढे आली. मुंबई येते, विध्वंस उतरतो, कारण त्याला उतरायला देश आहे. त्यांना पुढे शांघायला जायचंय. एका माणसाने जिना उतरावा एवढीच गोष्ट आहे, आणि तिथे मला त्याचा भयंकर राग आला. त्याच्या जागी मी असतो तर मीही उतरलोच असतो, हेही कळत होतं. नंतर हॅर्टा समुद्रात उडी...

बिनसाखरेचा

अहो! स्पॉयलर! मी आज सकाळीच आणलीय!

मुळामुठेकाठी

१९३९चं पुस्तक आहे हो.

बिनसाखरेचा

माझ्याकडे आज आलं ना. माझ्यासाठी आजचंच आहे.

निमा

बिनसाखरेचा, वाचा तरीही. शेवट माहीत असून मी दोनदा वाचलंय. मुळामुठेकाठी, मला विध्वंसचा राग उतरताना नाही येत, त्याच्या आधीच येतो. तो सगळ्या बोटीकडे वरून बघत असतो, स्वतःच्या जुन्या प्रेमभंगाचं भांडवल करत. पण यावर तुमच्याशी सविस्तर भांडायचंय आणि आत्ता पोळ्या व्हायच्यात. रात्री येते.